काळ्या मातीचे टायर

आज रिमोटच्या गाडीसाठी नव्या टायरचे पाकीट उघडले आणि रबराच्या वासाने मला थेट मेहकरच्या शर्यतीत नेले. हरले तर गाडी विकायची, असे बाबांनी बजावले होते. धुरळा बसावा म्हणून ट्रॅकवर पाणी मारले होते. मी चिमूटभर काळी माती दाबून पाहिली. ती बोटांना चिकटली. लगेच उंच दात्यांचे नवे टायर काढून मी झिजलेले बसवले.

"घासलेले काऊन लावून राह्यली वं?" दादा ओरडला.

"नव्याच्या दात्यांत चिखल भरंल, दादा!"

इतरांच्या चाकांचे चिखलाने लाडू झाले. घसरत का होईना, शेवटपर्यंत पोहोचली ती माझीच गाडी.

बाबा शेजाऱ्याला म्हणाले, "पोरगी माती वयखते."

तेव्हा मला गाडी वाचल्याचाच आनंद होता. आमच्या घरात तोवर माती ओळखण्याचे हे कौतुक फक्त दादाच्या वाट्याला आले होते, हे आज जाणवते.