कुंदा खाली बसली

"आई गेली, मावशी," असं कुंदाची मुलगी पल्लवी फोनवर इतक्या सरळ म्हणाली की मी विचारलं, "कुठं?" सकाळची वेळ होती, आणि सकाळी कुंदा घरात सापडत नसे. मग पलीकडून रडणं ऐकू आलं. मेंदूतली नस फुटली होती, यवतमाळला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी मी बोरी अरबला पोहोचले तेव्हा अंगण बायांनी भरलं होतं. त्यांच्यातली एक, नात्यातलीच, शेजारणीला म्हणाली, "एवढी चालली, एवढं तोंड बांधलं, काय भेटलं? चार घास खाऊन तरी मेली असती." मी आत निघून गेले. मयताच्या अंगणात भांडू नये. पण दीड-दोन महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही... म्हणून लिहायला बसले. काय भेटलं, ते सांगते.

कुंदा आणि मी दारव्ह्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी यवतमाळला शिक्षिका झाले, ती लग्न होऊन बोरी अरबला गेली आणि नवऱ्याच्या, देवानंदभाऊंच्या सोबतीनं बसथांब्याजवळ नाश्त्याचं दुकान चालवू लागली. आलूबोंडा, समोसा, तर्रीपोहे. कढईसमोर तिची अर्धी हयात गेली. प्रत्येक घाण्यातला एक बोंडा ती आधी स्वतः खायची. "गिऱ्हाइकाच्या आंधी मले कळलं पाह्यजे," म्हणायची. अंग वाढत गेलं, त्याची तिला लाज नव्हती. उलट म्हणायची, "दुकानवाली वाळकी असली तं कोन खाईन तिच्या हातचं?" मग गुडघे गेले. पौर्णिमेला विहारात सगळे सतरंजीवर बसून वंदना घ्यायचे आणि कुंदाला मागं, भिंतीपाशी, म्हाताऱ्या बायांच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची मिळायची. तिनं अजून पन्नाशी गाठली नव्हती. एकदा घरी जाताना म्हणाली, "माय, म्या आईच्या मांडीजवळ बसून त्रिशरण शिकलं. आता साऱ्याइच्या डोक्यावर खुर्ची टाकून बसा लागते. मले खाली बसाचं हाय."

एवढ्यासाठी तिनं सुरुवात केली. पहाटे दारव्हा रोडवर चालणं, दुपारी एकच भाकर, चहात साखर नाही. पहिल्या काही महिन्यांत ती भराभर उतरली. ब्लाउज उसवून आत घ्यावे लागले, ती खूश, दुकानातली गिऱ्हाइकं चकित. आणि मग ब्याण्णव किलोवर काटा जो थांबला तो थांबलाच. ती अजून लांब चालली, अर्धी भाकर कमी केली, रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहिली. काटा हलेना. गुडघे मात्र दुखत होतेच. रस्त्यावर गाडीवरचा दूधवाला तिला रोज ओलांडून जायचा. एक दिवस गाडी हळू करून म्हणाला, "कुंदाबाई, डांबर झिजलं, तुम्ही नाई झिजल्या." त्या दिवशी ती अर्ध्यातून परत आली आणि दुसऱ्या दिवशी गेलीच नाही.

सोयाबीन निघायच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले, तर वजनकाटा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, त्याच्यावर तेलाचा पिपा. कुंदा बोंडा खात होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "मले समजावू नको. उपाशी बी राह्यली, चालली बी. आंगच आयकत नाई तं मी कायले आयकू?" देवानंदभाऊंनी मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका म्हणून. मी चहा पिऊन निघाले. थांब्यापर्यंत सोडायला ती आली नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहार झाडायची पाळी तिच्या घरची होती. पल्लवीला ताप, म्हणून कुंदा गेली. झाडता झाडता मूर्तीपुढचं मेणबत्त्यांचं खोकं पडलं, मेणबत्त्या सगळीकडे घरंगळल्या. वाकून वाकून कंबर भरली तशी ती सरळ खाली बसली, बसल्या बसल्या सरकत मेणबत्त्या गोळा केल्या, खोकं भरलं, उठली आणि झाडू हातात घेतला. मग तिच्या लक्षात आलं. तिथूनच तिनं मला फोन लावला. "अव, मी बसली. आन् उठली बी. कोनी हात नाई देल्ला." मी म्हटलं, "पुन्हा बसून बघ." फोन चालूच ठेवून ती पुन्हा बसली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मग बराच वेळ नुसतं हसणं... "काटा खोटं बोलून राह्यला होता माह्याशी," ती म्हणाली. "मी तिकडं पाह्यत बसली, आन् पाय आपले काम करून राह्यले होते."

त्यानंतरची कुंदा मात्र हट्टाला पेटलेली होती. दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, त्यांनी समजावलं की शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते, असं अडणं नेहमीचंच आहे. उपास वाढवू नका, काहीतरी बदला, अंगात ताकद येऊ द्या. कुंदानं घाणा चाखायचं काम पल्लवीकडे दिलं. जेवणात अंडी, उकडलेला हरभरा, मूठभर शेंगदाणे आले. आलूचं पोतं देवानंदभाऊ उचलायचे, ते आता दोन पिशव्यांत वाटून ती स्वतः आत नेऊ लागली. वजन महिन्यातून एकदाच बघायचं, असा दंडक घातला. रस्त्यावर दूधवाला पुन्हा भेटला, तेव्हा तिनंच त्याला थांबवलं. "डांबर सरकारचं हाय, झिजू दे. तू दुधात पानी किती टाकतं ते सांग." पल्लवी सोबत होती, तिनं मला हे तीनदा सांगितलं. काटा हलला, पण सावकाश, रुसल्यासारखा. कुंदा शेवटपर्यंत बारीक झाली नाही. काही महिने तर पुन्हा अडकली, पण आता ती घाबरली नाही. "आडू दे त्याले. मी कुठं आडली?" एवढंच म्हणायची.

वैशाख पौर्णिमेला तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. पांढरी साडी नेसून ती विहारात शिरली. कुणीतरी सवयीनं भिंतीपाशी खुर्ची मांडली. कुंदानं ती उचलली, बाहेर ओसरीत नेऊन ठेवली, आणि पुढच्या रांगेत, माझ्या शेजारी, मांडी घालून बसली. वंदना सुरू झाली. तिचा आवाज शाळेत होता तसाच मोठा, जरासा बेसूर. संपल्यावर दोन-तीन हात पुढं आले. "राहू द्या," ती म्हणाली, गुडघ्यावर तळवा ठेवला आणि उठली.

हे भेटलं, बाई. पुढच्या सगळ्या पौर्णिमांची वंदना तिनं जमिनीवर बसून घेतली. नस फुटायची ती फुटली. ती कुणाचीही फुटू शकली असती, बोंडे खाणाऱ्याचीही. मरण आलं म्हणून आधीचं जगणं फुकट गेलं, असा हिशेब मला मान्य नाही.

मरणानंतरच्या जलदानविधीच्या आधी फोटोवरून घरात वाद झाला. नातेवाइकांना जुना हवा होता, गोल चेहऱ्याचा, कुणाच्या तरी लग्नातला. पल्लवीनं मोबाइलमधला काढला. दारव्हा रोड, नऊवारी नव्हे, साधी पाचवारी गुडघ्याच्या खाली खोचलेली, कपाळावर घाम, पायांत पुरुषांचे स्पोर्ट्स बूट. फोटोवाला म्हणाला, छातीपर्यंत कापून देतो, बूट बरे दिसणार नाहीत. पल्लवी म्हणाली, "बूट दिसलेच पाह्यजे." देवानंदभाऊंनी मान हलवली आणि विषय संपला. मागच्या आठवड्यात मी गेले होते. भिंतीवर सासू-सासऱ्यांचे फोटो आहेत, दिराचा आहे, सगळे छातीपर्यंतचे. कुंदा तेवढी पायांपर्यंत आहे.