साहेबांना टेनिस खेळवणारा

पिंपरीच्या आमच्या कारखान्यातल्या साहेबांना टेनिस खेळवायला दिघीचा एक माणूस पगारावर ठेवला होता. तो गेल्याचं काल कळलं.

साहेबांना सोयीचा पडेल असाच चेंडू तो द्यायचा आणि हरला की "झ्याक, सायेब" म्हणायचा. एकदा मात्र पुण्याहून आलेल्या नामांकित टेनिसपटूला त्याने सहज हरवलं.

"आपल्या मैदानावरच्या स्पर्धेत उतरा की," मी म्हणालो. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज मीच भरला. धंदा काय लिहू, विचारलं.

"हाय त्येच लिवा, भाऊसाहेब. टेनिस खेळवतो."

अर्ज परत आला. खेळाचे पैसे घेणाऱ्याला स्पर्धा बंद, असा नियम होता. मी हबकलो. त्याची थोडी शेती होती. 'शेतकरी' लिहिलं असतं तर तो खेळला असता.

"म्हंजी फुकाट खेळलो असतो तर चाललं असतं?"

"हो."

"मग खाल्लं काय असतं?"

एवढं म्हणून तो स्पर्धेसाठी चुन्याच्या रेघा आखायला उठला. मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

"ताणून धरा," तो म्हणाला. "रेघ वाकडी याया नगं."