निकालाआधीचा सत्कार

मानवाच्या अंतराळप्रवासात सोलापूरचा वाटा मोठा आहे, असं चन्नबसप्पाअण्णा आयुष्याच्या शेवटच्या वर्षी भेटेल त्याला सांगत. हा वाटा म्हणजे आमच्या गल्लीतल्या लक्ष्मीने रॉकेटच्या एका व्हॉल्व्हवर केलेलं काम. व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे अण्णांनी मला विचारलं होतं. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. मी नळाची तोटी दाखवली.

अण्णांचं चादरींचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. त्यांना सत्कारांचं व्यसन होतं, फक्त वेळ जगावेगळी. दहावीची मुलं निकालाच्या आदल्या दिवशी दुकानापुढे उभी करून ते प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल टाकत. निवडणुकीला उभा राहिलेला, ऑपरेशनला निघालेला, कुणीही सुटत नसे. गणितात वर्षानुवर्षं अडकलेल्या एका मुलाच्या घरी अजून टॉवेल विकत घ्यावा लागत नाही. "निकालानंतर सत्कार करणारे लई हायत, सर," ते म्हणत. "त्यात आपण कशाला गर्दी करायची?"

लक्ष्मी हैदराबादच्या एका खासगी रॉकेट कंपनीत होती. कंपनीने पहिलं उड्डाण जाहीर केलं आणि शहराला अंतराळाचा ध्यास लागला. चौकात फ्लेक्स लागले. त्यांवर पुढाऱ्यांचे चेहरे होते आणि जागा उरली तिथे रॉकेट. एका क्लासने 'रॉकेट बॅच' काढली. बेकरीत रॉकेटच्या आकाराचे केक आले, त्यातले काही घरी पोचेपर्यंत वाकले. हवामानामुळे उड्डाण पुढे ढकललं गेलं, तशी लोकांना हवामानाचीही गोडी लागली.

लक्ष्मीचे वडील नरसय्या यंत्रमागावर काम करत. त्यांची झोप उडाली होती. पहिलं रॉकेट बहुतेक वेळा पडतंच, लोकांना एवढं नाचू देऊ नका, असं लेकीने फोनवर सांगितलं होतं. नाचणाऱ्यांना हे सांगणार कोण?

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी अण्णा चादर आणि नारळ घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. मलाही नेलं, भाषणाला कुणीतरी शिकलेलं लागतं. नरसय्यांनी हात जोडले. "अण्णा, उद्या पडलं तर लोक हसतील. आधी उडू तरी द्या की."

"उडाल्यावर तुझ्या दारात मंत्री येतील. तितं मला कोण उभं करतंय?" अण्णांनी चादर त्यांच्या खांद्यावर टाकली आणि आवाज खाली आणला. "आन् पडलं तर? ती पोरगी ह्या गल्लीत पाय कसा टाकंल? म्हणून आजच करतोय."

मी तयार करून नेलेलं भाषण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पडद्यावर रॉकेट उठलं. ढोल वाजले. थोडं वर जाऊन ते कलंडलं आणि पुढचं समुद्राने सांभाळून घेतलं. ढोलवाल्यांना थांबायचं कळायला वेळ लागला. संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरले. आमच्या शहरात फ्लेक्स उतरवता येतात, हे त्या दिवशी समजलं.

काही दिवसांनी लक्ष्मी घरी आली. रिक्षा लांबच सोडली होती, डोक्यावर ओढणी, मान खाली. पण घर गाठायला अण्णांच्या दुकानावरूनच जावं लागे, आणि अण्णा पायरीवर बसलेले.

"हितं ये, लक्ष्मी," ते म्हणाले. "भिऊ नको. तुझा सत्कार झालाय, आता पुन्हा करत न्हाय. बस, च्या पी."

ती बसली. आधी रडली, मग व्हॉल्व्हचं सांगू लागली. अण्णा मन लावून ऐकत होते, मधूनच "व्हय, व्हय" म्हणत होते. त्यातलं काहीही कळलं नाही, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. तिला मात्र दुसरा चहा मागवला. तो संपवून ती गल्लीच्या मधोमध चालत घरी गेली.

अण्णा यंदा लिंगैक्य झाले. शोकसभेत त्यांच्या दूरदृष्टीवर बरीच भाषणं झाली, माझंही झालं. त्यांचं कार्य पुढे नेण्यासाठी त्यांच्या नावाने सत्कार समिती स्थापन झाली. कंपनीचं दुसरं रॉकेट पुढच्या महिन्यात आहे. लक्ष्मीचा सत्कार करायचा की नाही, हे उड्डाण पाहून मग ठरवावं, असा ठराव समितीने एकमताने केला आहे.