गंगव्वाच्या गळ्यातलं

...तर काल आपली गोष्ट मुंबईपाशी थांबली होती. जाताना तिथल्या विमानतळावर आमच्या गंगव्वाच्या गळ्यातली चांदीची पेटी वाजली, तपासणाऱ्या बाईनं ती उघडून आतल्या इष्टलिंगाला बोट लावलं, आणि आमच्या बाईसाहेब चीन येईपर्यंत पाणी प्यायल्या नाहीत. आम्हा लिंगायतांत लिंग जन्मताच बांधतात. ते अंगावेगळं करायचं नाही, परका हात लागू द्यायचा नाही. हल्ली एवढं कोण पाळतंय? गंगव्वा पाळते. माझ्या गळ्यात काही वाजलं नाही, त्याचं कारण पुढं येतंच.

तिचं सगळंच असं. माहेर कर्नाटकातलं, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. हातकणंगल्याला स्टेशनजवळची आमची पिठाची गिरणी तिनं तीस वर्षं चालवली. एकदा गावातल्या बड्या हंबीररावांनी नंबर सोडून आपलं दळण आधी टाकायला लावलं, तर तिनं गिरणीचा पट्टाच उतरवला. म्हणाली, तुमचा नंबर आला की चढवते.

थोरला शशिधर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत होता. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी चीनला निंगबोला धाडला. २००७ साली आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडं राहून आलो. गंगव्वानं इथून नेलेलं ज्वारीचं पीठ बरोबर तीस दिवस पुरवलं. माप तिच्या हातात होतं.

निघायचा दिवस उजाडला. व्हिसाचाही तो शेवटचाच दिवस. सकाळची पूजा झाल्यावर तिनं लिंग पेटीतून काढलं, पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातलं आणि पोलक्यात दडवलं. चांदीची पेटी गेली मोठ्या बॅगेत. धातूच न्हाई तर वाजंल कशाला, हा तिचा हिशेब. मीही मान डोलावली. इथंच आम्ही दोघं चुकलो.

तिथल्या विमानतळावर वाजलं नाही, पण चाचपणाऱ्या पोरीच्या हाताला गाठ लागली. चांदीच्या पेटीत होतं तेव्हा तो दागिना होता. फडक्यात दडवल्यावर ती चोरून नेलेली वस्तू झाली. पोरीनं ट्रे पुढं केला, त्यात ठेवा म्हणून खूण केली. गंगव्वानं नाही म्हणून मान हलवली. आणखी दोघी आल्या. भाषा कुणाची कुणाला येईना. शशिधर काचेपलीकडं, त्याला आत सोडत नव्हते. विमानाचं दार बंद व्हायला पंचवीस मिनिटं. मी आधीच पार होऊन पलीकडं बूट घालत होतो. तिथनंच म्हणालो, "दे की दोन मिनिटं. देव काय रागवत न्हाई."

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग ट्रेजवळ सरळ फरशीवर मांडी घातली, फडकं सोडलं आणि पूजेत घेतात तसं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. ती काळी गुळगुळीत गाठ बघून दोघी पोरी पाऊलभर मागं सरकल्या.

एक वयस्क बाई आली, त्यांची वरिष्ठ असावी. तिच्या हातात कागदाची पट्टी होती. वस्तूवर फिरवून ती यंत्रात घालतात, स्फोटकांचा अंश आहे का बघायला. तिनं हात पुढं केला आणि गंगव्वानं मूठ मिटली. मी म्हटलं, संपलं. आता हिला धरून नेणार, आणि आपण कुठल्या भाषेत पाया पडायचं?

बाईचा हात तसाच थांबला. मग गंगव्वानंच उजवा हात पुढं केला. पट्टी मागितली. बाईनं जरा विचार केला आणि दिली. अभिषेक झाल्यावर लिंग पुसतात तशी गंगव्वानं ती पट्टी सगळीकडून हळूच फिरवली आणि परत दिली. यंत्राला किती वेळ लागला देव जाणे. माझ्यानं तिकडं बघवेना. काचेवर शशिधरचे दोन तळवे टेकलेले तेवढे दिसत होते.

बाईनं हातानं खूण केली, जा. आम्ही पळत सुटलो. गंगव्वा पुढं, पळता पळता फडक्याला गाठ मारत.

विमान वर गेलं आणि माझं मन मला खायला लागलं. माझं लिंग आतल्या खिशात आहे, असं मी तिला महिनाभर सांगत आलो होतो. खरं म्हणजे ते हातकणंगल्याच्या घरी देव्हाऱ्यात होतं. याच तपासणीच्या भीतीनं मी ते मागं ठेवून आलो होतो. सगळं सांगून टाकलं. आता मुंबईपर्यंत अबोला, असं धरून चाललो होतो. तिनं ग्लासभर पाणी शांतपणे पिऊन संपवलं आणि म्हणाली,

"ठाव हाय मला. म्हयनाभर पूजेला भित्तीकडं तोंड करून बसत हुतासा. तुमचं घरात, आन माजंबी त्या ट्रेत दिलं असतं, तर ह्या इमानात आपुन दोघं कुणाच्या जिवावर बसलो असतो?"