चाळीस गाठींची बेडरूम

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाला दमवण्याच्या कामी आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा कोणी नाही. मी पार थकलो, ते काही थकत नाहीत. नांदुऱ्याला त्यांच्या आजोबांच्या वेळचं, आता बंद पडलेलं जिन आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. त्यात फ्लॅट आणि ऑफिसं काढायचं त्यांनी मनावर घेतलं आणि माझ्या रविवारांचं मातेरं झालं.

उभा जन्म गाठी रचण्यात गेलेला, त्यामुळे हे गृहस्थ कुठलीही जागा गाठींतच मोजतात. अकोल्याच्या इंजिनिअरने बेडरूम केवढी ठेवायची असं विचारलं, तर म्हणाले, "चाळीस गाठींची." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार? एका वकिलांना ऑफिस दाखवताना यांनी "वीस गाठी आरामात मावतात" अशी हमी दिली. वकील म्हणाले, "पण मले तर पक्षकार बसवाचे हायेत."

"मंग एकेका गाठीवर दोघं बसवा."

वकील गेले ते गेलेच. माझ्या मुलीच्या लग्नाचं कार्यालय बघायला नेलं, तर तिथेही मालकासमोर म्हणाले, "दीडशे गाठींचं हाय, वऱ्हाड दाटीनं बसन."

शेवटी एकदा वैतागून मी विचारलं, "काऊन एवढा जीव काढून राह्यले या जागेपायी?"  एरवी मोठ्याने बोलणारे साडू हळू म्हणाले, "तुमच्या ताईले वापस आणाचं हाय."

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. जिनाच्या आवारातल्या खोलीत संसार केला आणि उडणाऱ्या रुईने दमा जडला. "या जिनात आता पाय नाही ठेवत मी," म्हणून चिखलीला भावाकडे गेली. जिन बंद पडलं तरी आली नाही.

परवा आली, नुसती बघायला; हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. फ्लॅट अजून एकही विकला गेलेला नव्हता. तिने नव्या बेडरूमच्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. रुईचा तंतूही नव्हता. साडू दाराशी शाळकरी पोरासारखे उभे.

"केवढी हाय हो खोली?" तिने विचारलं.

झालं, आता निघतील गाठी, मी मनात म्हटलं. साडूंनी टोपी काढून हातात धरली.

"दोघांपुरती हाय."

 ताईने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग हातातली पिशवी तिने खाली ठेवली.