बिस्किटला तोंड येतं

आमच्या घोडीला दर उन्हाळ्यात तोंड येतं. (“तोंड येतं म्हणजे कुठून येतं?” असं माझ्या मुलीने मला एकदा विचारलं होतं. तिचा जन्म इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचा, तेव्हा तिला माफ आहे.)

घोडीचं नाव बिस्किट. बुटकी, तपकिरी, पोटाने सुखवस्तू. ती माझ्या तेरा वर्षांच्या सानिकाची, आणि गावाबाहेर पॅम नावाच्या बाईंच्या यार्डवर, म्हणजे तबेल्यात, आणखी अकरा घोड्यांबरोबर राहते. मी जीपी. बायको मीनल डेंटिस्ट. म्हणजे एका तोंडासाठी घरात दोन डॉक्टर. तरीही ते तोंड तीन वर्षं बरं होईना, आणि त्याला जबाबदार त्या दोघांतला एकच होता.

पहिल्या जूनमध्ये बिस्किटच्या ओठांच्या आत लाल फोड दिसले, लाळ गळायला लागली. मी म्हणालो, उष्णता. बाहेर एकवीस डिग्री होतं, पण मी माझ्या मतावर ठाम होतो. बादलीभर पाण्यात सब्जा भिजवून नेला. बिस्किटने तो हुंगला आणि बादली माझ्या बुटांवर पालथी केली. ऑगस्टमध्ये आम्ही तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो तोवर फोड गेलेले. श्रेय मी सब्जाला दिलं.

दुसऱ्या जूनमध्ये फोड परत आले. या वेळी मी लगामाच्या कडीवर संशय घेतला. लोखंड तोंडात घासतंय, उघड आहे. पॅमने मऊ रबराची कडी लावून दिली. फोड होते तिथेच. मीनल म्हणाली, एकदा नीट उजेड पाडून हिरड्या बघायला हव्यात, घोड्यांचे दातही धारदार होतात म्हणे, व्हेटला बोलव. मी म्हणालो, दातवाल्यांना सगळीकडे दातच दिसतात. पुन्हा पुणे, पुन्हा ऑगस्ट, पुन्हा फोड गायब.

तिसऱ्या जूनमध्ये एका गुरुवारी सानिकाने यार्डवरून फोन केला. “बाबा, ती काहीच खात नाहीये. तिचा जीभ पण लाल झालाय.” तिचं व्याकरण सुधारायचंही मला सुचलं नाही, यावरून मी किती घाबरलो होतो ते कळावं.

क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मध्ये मी इंटरनेट उघडलं. पेशंटना मी रोज सांगतो की हे करू नका. तिथे मला परदेशातला एक विषाणूजन्य रोग सापडला. घोड्याच्या तोंडात फोड, लाळ, खाणं बंद. एका घोड्याकडून दुसऱ्याला होतो, शंका आली तरी सरकारला कळवावं लागतं. सगळी लक्षणं जुळत होती. (तो रोग या देशात नसतो, ही ओळ पानाच्या तळाशी होती. मी तळापर्यंत गेलो नाही.)

तासाभरात मी यार्डवर हजर झालो, क्लिनिकमधला प्लॅस्टिकचा एप्रन, मास्क आणि हातमोजे घालून. मला बघून बिस्किट दोन पायांवर उभी राहिली. बाकीच्या घोड्यांनी खिंकाळायला सुरुवात केली. मी पॅमला बाजूला घेऊन गंभीर आवाजात रोगाचं नाव सांगितलं. डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर बिचारीचा चेहरा उतरला. शनिवारी यार्डचा वार्षिक शो होता. तिने तिथल्या तिथे फाटक बंद केलं, शो रद्द झाल्याचा मेसेज सगळ्यांना पाठवला, आणि व्हेटला फोन लावला. व्हेट सकाळी येणार होती.

सानिका महिनाभर त्या शोची तयारी करत होती. पण तिने शोबद्दल एक शब्द काढला नाही. कुंपणाला टेकून उभी होती. हळूच म्हणाली, “बाबा, तिला मारतील का?”

मी नाही म्हणालो, पण माझाच आवाज मला खरा वाटला नाही.

शुक्रवारी सकाळी व्हेट आली, तेव्हा मी पुन्हा एप्रन आणि मास्क चढवून उभा होतो. शांत, तरुण मुलगी. माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान तिने दोन मिनिटांत संपवलं. बिस्किटची जीभ एका बाजूला धरली, कपाळावरच्या दिव्याचा उजेड आत पाडला, आणि चिमट्याने हिरडीतून काहीतरी ओढून माझ्या तळहातावर ठेवलं. कुसळ. मग दुसरं. मग ओठाच्या घडीतून एकदम सात-आठ. जवासारख्या दिसणाऱ्या एका रानगवताच्या लोंब्यांची कुसळं होती ती. उन्हाळ्यात ती वाळून टणक होतात, हिरडीत घुसतात आणि जखम करतात. साथ नाही, विषाणू नाही. मिठाच्या पाण्याने धुवा, थोडे दिवस मऊ खायला घाला, बरी होईल.

पॅम मटकन गवताच्या गठ्ठ्यावर बसली. सानिका बिस्किटच्या मानेला मिठी मारून रडायला लागली, आणि मीही मास्कच्या आड थोडंसं रडून घेतलं. एप्रन काढला तेव्हा शर्ट घामाने चिंब झाला होता, पण इतकं हलकं मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात व्हेट कुरणाकडे बघत म्हणाली, “पण हे गवत इथे कुठेच नाहीये. तिला घालतंय कोण?”

पॅम म्हणाली की ती नाही. सानिका म्हणाली की ती नाही. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी एकदम बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो होतो.

दर रविवारी सानिका घोडी पळवायची, तेव्हा मला काहीच काम नसायचं. रस्त्याकडेला उंच, लोंब्यांचं, दिसायला फार सुंदर गवत उगवायचं. मी त्याच्या जुड्या बांधून आणायचो आणि बिस्किटला प्रेमाने हाताने भरवायचो. जूनपासून थेट आम्ही पुण्याला जाईपर्यंत.

मीनलला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली की मुसळ न दिसणारी माणसं तिने ऐकली होती, पण स्वतः जुडी बांधून आणलेलं कुसळही न दिसणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. शो पॅमने पुढच्या महिन्यात घेतला. सानिका तिसरी आली आणि माझ्याशी पुन्हा बोलायला लागली.

व्हेटचा रिपोर्ट सोमवारी ईमेलने आला. रुग्णाचं नाव, वय, लक्षणं, उपचार, सगळं व्यवस्थित भरलेलं. ‘कारण’ या रकान्यात तिने लिहिलं होतं: मालकिणीचे वडील.

इतकं नेमकं निदान मला आजवरच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही जमलेलं नाही.