चित्रातली आई का जेवत नाही?

मैत्रिणींनो, आपली फिरती वही दुपारी माझ्याकडे आली, म्हणून सकाळचीच गोष्ट लिहिते.

शेजारची सखू पाच वर्षांच्या तानीला घेऊन आली. नवरा पलटणीत, मुलगी नुकतीच तापातून उठलेली. फडक्यात भाकरी होती.

"आवं काकू, रेशनच्या तांबड्या जोंधळ्याची भाकरी बगितली की त्वांड फिरवती. चार दिस नुसत्या ताकावर हाय. तुमचं पुस्तक दावा की हिला."

पुस्तक म्हणजे पाठकोऱ्या कागदांवर मी काढलेली चित्रं. एक मुलगी तांबडी भाकरी नको म्हणते. मग आजोबा खातात, बाबा खातात, दादा खातो आणि शेवटी तीही खाते. आई चुलीपाशी बसून वाढते आहे.

तानीनं सगळी पानं पाहिली आणि आईवर बोट ठेवलं. "हिला बी आवडत न्हाई व्हय?"

"अगं, ती मागनं जेवती," सखू हसली.

"तू बी खात न्हाईस. म्या कवाच बगितलं न्हाई."

खरंच, सखू जेवते तेव्हा तानी झोपलेली असते.

मी दोघींपुढे एकच ताटली ठेवली. "पोरीसंगं बसू? सासूला कळलं तर?" म्हणत सखू बसली. तिनं घास घेतला. तानी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनंही तुकडा मोडला. चतकोर भाकरी खाल्ली.

चित्र काढताना आईपुढे ताट मांडायचं मलाही सुचलं नव्हतं.

तुमच्या मुलांनी तुम्हांला जेवताना कधी पाहिलं आहे का? खरं लिहा.